न दुखणारे दुखणे

कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो मजुरी, महागाई आणि संप यांवरच बोलणार असे श्रोते धरून चालतात. आम्ही आज बोलणार आहोत ते स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगाविषयी. आणखी नेमके सांगावयाचे तर, त्या रोगाच्या तपासणीविषयी बायकांच्या मनात ज्या समजुती घर करून बसल्या आहेत त्या कोठून आल्या, याविषयी. आम्ही वैद्य नव्हे. शाळाही आमची लवकर सुटली. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, दिव्याखाली बसून. परंतु शहागडच्या पुलाच्या अलीकडे अंबड तालुक्यात आणि पलीकडे गेवराईच्या बाजूला शेतमजूर व ऊसतोडणी करणाऱ्या बायांच्या सभा घेत आम्ही पुष्कळ हिंडलो आहोत. तपासणीला बाई का येत नाही असे विचारले की शिकलेली माणसे एका शब्दात उत्तर देतात, 'अज्ञान'. हे उत्तर सोपे आहे, आणि त्यात दोष ज्याच्या त्याच्या माथी मारून मोकळे होता येते. आम्हांला ते पटत नाही. समजुतीलाही इतिहास असतो, आणि तो नुसता बाईच्या डोक्यात घडलेला नसतो.

प्रथम भाषेकडे पाहा. आमच्या बोलीत आई मुलाला 'अंगावर पाजते'. ज्या अवयवाने ती पाजते त्याचे नाव त्या वाक्यात नाही. 'स्तन' हा शब्द पोथीतला आणि डॉक्टरांचा. घरात तो कोणी उच्चारीत नाही. 'छाती' म्हटले तर बाप्यालाही छाती असतेच. उरलेले शब्द जनावरांसाठी आहेत किंवा शिवीसाठी. ज्या वस्तूला चारचौघांत घेता येईल असे नावच नाही, तिच्यात झालेली गाठ नवऱ्याला, सासूला, औषधाच्या दुकानात उभे राहून कोणत्या शब्दांत सांगावयाची? याउलट गाय-म्हशीचे पाहा. कासेला हात लावल्याशिवाय धार काढता येत नाही, म्हणून सड जरा कठीण लागला की 'दगडी झाली' हे त्याच सकाळी कळते. रोगाला नाव आहे, हात रोज लागतो आणि दूध आटले तर आठवड्याचा हिशेब चुकतो. म्हणून घरधनी त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे धावतो. तोच घरधनी बायकोच्या बाबतीत निर्दय असतो असे आम्ही म्हणणार नाही. पण तिथे नाव नाही, हात लागत नाही आणि हिशेबही ताबडतोब बिघडत नाही.

दुसरी गोष्ट दुखण्याची. स्तनातील कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. आणि कष्टकरी बाईची आजाराची व्याख्या ठरलेली आहे : ज्याने काम थांबते तो आजार. ताप आला, कंबर धरली, विंचू चावला, तर ती आडवी होईल. जे दुखत नाही त्यासाठी रोजगार बुडवून, एस.टी.ने दीड-दोन तास जाऊन जिल्ह्याच्या गावी रांग लावणे तिला आळशीपणाचे लक्षण वाटते. तिला असे वाटावे याची तालीम तिला लहानपणापासून मिळालेली आहे. मजुरी रोजावर असते आणि रोज मोडला की चूल अडते. पगारी रजा असलेल्या नोकरदार बाईने या समजुतीला हसू नये.

आता थोडे मागे जाऊ. स्त्रीच्या शरीराला परक्या पुरुषाने हात लावू नये, हा दंडक शतकानुशतके पाळला गेला. त्यामुळे स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर पाहिजे ही मागणी एकोणिसाव्या शतकात पुढे आली. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली बंगालमध्ये श्रीरामपूर येथे भाषण करून आपण वैद्यकी शिकावयास अमेरिकेला का जातो हे सांगितले, त्याचे मुख्य कारण हेच होते. त्या १८८६ साली पदवी घेऊन आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत वारल्या. मुंबईत कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले. पण हे झाले मुंबईचे. आपला मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि मराठवाड्याच्या वाट्याला आरोग्याच्या सोयी उशिराने आल्या. औरंगाबादचे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे, अंबाजोगाईचे त्याच्याही नंतरचे. ज्यांच्या आजीने आयुष्यात स्त्री-डॉक्टर पाहिली नाही अशा बाया आजही आपल्या सभेत बसलेल्या असतात.

पुढे सरकारने बाईच्या शरीराकडे लक्ष दिले हे खरे. मात्र कोणत्या निमित्ताने दिले ते पाहण्यासारखे आहे. मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा १९२९ सालचा. आदल्या वर्षी कौन्सिलात त्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाची पगारी सुटी मिळाली, हा आमच्या चळवळीच्या इतिहासातील मानाचा दिवस होय. मग १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम आला. त्यातून पुढे शस्त्रक्रियेची शिबिरे आली, नगाला नग असे आकडे पुरे करण्याची सक्ती आली आणि आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. आकड्यांची ही पद्धत कागदावरून १९९६ साली गेली. पण दारात वही घेऊन उभी राहिलेली नर्सबाई 'कशासाठी आली असेल' ही शंका एका परिपत्रकाने जात नाही. तात्पर्य, राज्यव्यवस्था बाईला भेटली ती गरोदरपणी भेटली, बाळंतपणी भेटली आणि मूल बंद करण्याच्या वेळी भेटली. त्यानंतर तिने बाईची गाठ घेतलीच नाही. हा मुद्दा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. आम्हांला पुन्हा त्याकडे यावयाचे आहे.

'कॅन्सर म्हणजे मरण' ही सर्वांत बळकट समजूत. ती खोटी म्हणून झटकून टाकण्यापूर्वी ती कशी झाली ते पाहावे. परळला, गिरणगावाच्या ऐन मध्यावर, टाटा स्मारक रुग्णालय १९४१ च्या २८ फेब्रुवारीला उघडले. मुंबईत कामाला गेलेल्या माणसांमार्फत त्याची कीर्ती खेडोपाडी पोचली, आणि ती अशी पोचली : तिकडे गेलेला माणूस परत येत नाही. यात रुग्णालयाचा अपराध नव्हता. माणसे जात तीच मुळी रोग फुटून, वास येऊ लागल्यावर, सावकाराचे कर्ज काढून. गावाने पाहिले ते शेवटचे दृश्य. दहा वर्षांत तीन बाया गेल्या आणि तिघीही मेल्या, तर गावाने काढलेला निष्कर्ष अडाणी कसा म्हणावा? डोळ्यांनी पाहिलेल्यावरूनच तो काढलेला आहे. लवकर गेलेली आणि बरी होऊन आलेली बाई गावाला दिसलीच नाही. आणि दिसली तरी ती बोलली नाही. घरात उपवर मुली असतात आणि 'आईला तो रोग होता' असे कळले की स्थळे परत जातात. बऱ्या झालेल्या गप्प राहिल्या आणि मेलेल्यांची चर्चा झाली, म्हणून समजुतीचे पारडे एकाच बाजूला झुकले.

'छाती कापून टाकतात' ही धास्तीही पोकळ नव्हती. हॉल्स्टेड या अमेरिकन शल्यवैद्याने १८९४ साली प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया म्हणजे स्तन, त्याखालचा स्नायू आणि काखेतील गाठी असे सर्व एकदम काढणे. पाऊणशे वर्षे जगभर हीच रीत श्रेष्ठ मानली गेली. लहान गाठ असेल तर तेवढीच काढून किरणोपचार दिले तरी बाई तितकीच जगते, हे इटलीत व्हेरोनेसी यांनी १९८१ साली आणि अमेरिकेत फिशर यांनी १९८५ साली प्रयोगांनी दाखविले. म्हणजे आजच्या सासूबाईंच्या तरुणपणी ही भीती अगदी खरी होती. शास्त्राने आपले मत बदलले, पण ते बदलल्याची दवंडी आपल्या गावात पिटली नाही.

अर्ध्या सत्याचाही एक मासला सांगतो. 'हा मोठ्या घरच्या, शहरच्या बायकांचा रोग. आम्ही चार पोरांना अंगावर पाजले, आम्हांला काय होते?' मुंबईत १९६३ साली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. डॉ. जस्सावाला यांनी त्यावरून दाखविले की पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांहून जास्त आहे. उशिरा लग्न आणि मुले कमी, ही त्याची काही कारणे. पुढे २००२ साली तीस देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून असे निघाले की दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे बायांच्या बोलण्यात तथ्य आहे. मात्र धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. शिवाय त्यांच्या सुनांची लग्ने उशिरा होतात, मुले दोनच असतात. सासूचे कवच सुनेला पुरणार नाही.

इतक्या समजुती आहेत तर मग खेड्यातली बाई तपासणीला येणारच नाही, असे कोणी म्हणेल. याला बार्शीने दिलेले उत्तर आम्हांला फार मोलाचे वाटते, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. तेथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्यात आहेत. शहरात अशी नोंद इस्पितळांच्या कागदांवरून करता येते. खेड्यात इस्पितळच नाही तर कागद कोठला? म्हणून नोंद करणारी माणसे गावोगाव जाऊ लागली, सरपंच, मास्तर, बायाबापड्या यांच्याशी बोलू लागली, कोणती लक्षणे संशयाची हे सांगू लागली, आणि ज्यांना शंका असेल त्यांना रुग्णालयात घेऊन येऊ लागली. हेतू मोजणीचा होता. पण काही वर्षांत डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. नेने यांच्या लक्षात आले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या आहेत. कोणतेही नवे यंत्र आलेले नव्हते. ओळखीचा माणूस पुनःपुन्हा गावात येत होता, विचारीत होता आणि गरज पडली तर सोबत नेत होता, एवढेच घडले होते.

यापुढची पायरी त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाली. ४९७ गावांतील ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक बाया त्या अभ्यासात होत्या, आणि त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. रोग गर्भाशयमुखाचा, त्याची तपासणी छातीच्या तपासणीपेक्षाही संकोचाची. तरीही ज्यांना तपासणीला बोलाविले त्या दर पाच बायांपैकी जवळजवळ चार आल्या! याच मराठवाड्यातल्या, नऊवारीतल्या, अंगठा उठविणाऱ्या. ज्यांची विषाणूची तपासणी झाली त्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, आणि तुलनेसाठी जो जवळपास तेवढाच गट तपासणीविना ठेवला होता त्यात ६४. तपासणीविना ठेवलेल्या बायांबद्दल पुढे वाद झाला आणि तो होणे आम्हांला योग्यच वाटते. पण 'लाज' आणि 'अज्ञान' यांचे जे पुराण सांगितले जाते ते या आकड्यापुढे टिकत नाही. लाज होतीच, परंतु ओळखीची बाई बोलवावयास आली, गावातच सोय झाली आणि पुढचा खर्च अंगावर पडणार नाही असे दिसले, तेव्हा त्या लाजेने वाट अडविली नाही.

स्तनाच्या तपासणीचा असाच मोठा प्रयोग मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली आरंभिला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रिया त्यात होत्या. क्ष-किरणाचे महागडे यंत्र नाही. वैद्यकी न शिकलेल्या पण या कामाचे शिक्षण दिलेल्या स्त्रिया दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासीत, आणि रोगाची माहिती सांगत. वीस वर्षांनी, २०२१ साली, हिशेब बाहेर आला. तपासलेल्या गटात रोग पुढच्या अवस्थेत गेल्यावर सापडलेल्या बाया शंभरांत ३७, न तपासलेल्या गटात ४७. मृत्यू एकंदरीने १५ टक्के कमी दिसले, पण हा फरक गणिताच्या कसोटीला पुरता उतरला नाही. ५० व त्यापुढच्या वयाच्या स्त्रियांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायांना असा लाभ दिसला नाही.

येथे मघाच्या मुद्द्याकडे परत येऊ. हाताने केलेल्या तपासणीचा लाभ ज्या बाईला सर्वांत जास्त, ती पन्नाशीची बाई. तिचे आपल्या घरात स्थान कोणते? लेकरे मोठी झाली, विटाळ गेला, 'आता माझे काय राहिले' हे वाक्य ती स्वतःच म्हणते आणि घरातले कोणी ते खोडून काढीत नाही. नातवाच्या खोकल्याला पैसे निघतात, सुनेच्या बाळंतपणाला निघतात. तिच्या न दुखणाऱ्या गाठीला निघत नाहीत, आणि ती मागतही नाही. सरकारची वही तर तिच्यापुरती केव्हाच मिटलेली. इतकेच कशाला, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९ ते २०२१ चे आकडे घ्या. ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांत कधीतरी स्तनाची तपासणी झाली असे सांगणाऱ्या देशभरात शंभरांत एकही भरत नाही, ०.९ टक्के. आणि ४९ च्या पुढच्या बाईला हा प्रश्न त्या पाहणीत विचारलेलाच नाही, कारण ती पाहणी १५ ते ४९ वयाच्या, म्हणजे मूल होण्याच्या वयाच्या, स्त्रियांची आहे. मोजणीतूनही ती गळली.

आता आपल्या नदीपलीकडची गोष्ट. ऊसतोडीला नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' धरतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि एक दिवस चुकला की खाडा पडतो, दंड कापतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण गाजले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. यांतल्या कित्येकींनी सांगितले की पोटात दुखते, पांढरे जाते म्हणून डॉक्टरकडे गेलो, तर 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' असे ऐकावे लागले. विशी-तिशीतल्या बायाही त्यांत होत्या. ज्या मुलखात 'कॅन्सर' हा शब्द बाईच्या कानावर पहिल्यांदा पडला तो ऑपरेशन विकण्यासाठी, त्या मुलखात उद्या कोणी 'ताई, कॅन्सरची तपासणी करून घ्या' म्हटले तर तिने कोणता अर्थ घ्यावा? तिने पदर घट्ट धरला तर ते शहाणपणच म्हणावे लागेल. वस्तुतः हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे सांगणारा माणूस तिला अगोदर भेटावयास हवा होता. भेटला तो भिववणारा.

सरकारने २०१६ साली ठरविले की तिशीपुढच्या प्रत्येक बाईची तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी. घरोघर जाऊन प्रश्नांचा तक्ता भरावयाचा तो आशाताईंनी. बार्शीत जे काम ओळखीच्या माणसाने केले ते आता हिच्याकडे आहे, आणि ती गावचीच सून किंवा लेक असल्याने तिला ते साधण्यासारखेही आहे. परंतु २००५ च्या योजनेपासून तिला कामगार म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. पगार नाही, कामागणिक मोबदला. २०२१ साली आणि पुन्हा २०२३ साली महाराष्ट्रातील आशांना संप करावा लागला. जिचे स्वतःचे पैसे थकतात ती एका बाईपाशी तास-दीड तास बसून, तिची भीती ऐकून घेऊन, मग तिला शहराच्या गावी घेऊन जाईल, अशी अपेक्षा आपण करतो. घाईने भरलेल्या तक्त्यात 'छातीत गाठ आहे का?' या प्रश्नापुढे 'नाही' अशी खूण पडते, कारण तो प्रश्न ओसरीवर, सासऱ्यादेखत विचारलेला असतो.

औरंगाबादेस, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. त्यामुळे परळची वाट धरल्यावाचून गती नाही असे आता शहागडला म्हणता येत नाही. राहिला प्रश्न दिवसांचा. दसऱ्यानंतर आमच्या टोळ्या कारखान्यांवर जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. मधल्या महिन्यांत उपकेंद्रावर शिबिर भरले तर घरी असतात त्या म्हाताऱ्या, नातवंडे सांभाळीत. त्यांना घेऊन येणारे कोणी नसते, आणि बोलावणे गेले तरी ते तरण्या सुनेच्या नावाने गेलेले असते. म्हणून आमच्या संघटनेने दोन मागण्या केल्या आहेत : तपासणीचा दिवस मुकादमाने खाडा धरू नये; आणि शिबिराच्या यादीत साठीपर्यंतच्या बायांची नावे आधी घालून चैत्र-वैशाखात, टोळ्या परतल्यावर, ते गावातच भरवावे, म्हणजे आजीला घेऊन यावयास घरात माणूस असेल. दुसरी मागणी लेखी देताना वयाचा रकाना कोठे आहे ते आम्ही छापील नमुन्यात शोधले. तो 'गरोदर', 'स्तनदा' आणि 'इतर' असा होता, आणि पन्नाशीच्या सगळ्या बाया 'इतर' मध्ये बसल्या होत्या.